‘बाई, उत्तर कुठून कुठपर्यंत?’ : मुलांना माहितीचं पान वाचायला शिकवताना

जुलाब झाले की घरात ओआरएसचं पाकीट येतं. ते किती पाण्यात विरघळवायचं, तयार केलेलं पाणी किती तासांत संपवायचं, पाकीट कधीपर्यंत चालेल, हे सगळं त्याच्यावरच छापलेलं असतं. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत २०२३ साली १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना अशा पाकिटावरचा मजकूर दाखवून चार प्रश्न विचारले होते. पाठांतराचा संबंध नव्हता, मजकूर डोळ्यांसमोर होता. निदान पहिलीच्या पातळीचं वाचता येणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांना चारपैकी किमान तीन उत्तरं देता आली. म्हणजे वाचता येणाऱ्या दर तिघांपैकी एकाला समोर छापलेली उत्तरंही पुरेशी सापडली नाहीत.

यात कच्च्या वाचनाचा भाग आहेच. पहिलीच्या पातळीची वाक्यं वाचणं वेगळं आणि पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणं वेगळं. पण तेवढ्यानं सगळं उलगडत नाही. कुठल्याही चौथी-पाचवीच्या वर्गात खडाखडा वाचणारी दोन-चार मुलं असतात. त्यांना परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडून एखादी गोष्ट शोधायला सांगा. ती पाठाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात, तोंडानं पुटपुटत खाली येतात, मधेच दमतात आणि विचारतात, ‘‘बाई, उत्तर कुठून कुठपर्यंत?’’

हा प्रश्न आपणच त्यांना शिकवलेला आहे. पाठ वाचून झाला की स्वाध्याय काढायचा, बाईंनी सांगायचं, ‘‘दुसरा प्रश्न, पान बावीस, ‘म्हणून’पासून ‘होते’पर्यंत,’’ मुलांनी पेन्सिलीनं कंस करून बाजूला ‘प्र. २’ लिहायचं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जुनं पाठ्यपुस्तक हातात घेतलं की हे कंस दिसतात. वह्या पूर्ण होतात, उत्तरं सगळ्यांची सारखी येतात, तपासणंही सोपं जातं. फक्त उत्तर शोधण्याचं काम मुलानं केलेलं नसतं, ते बाईंनी केलेलं असतं.

गोष्ट वाचणं आणि माहिती वाचणं

मूल वाचायला शिकतं ते गोष्टींवर आणि कवितांवर. ते योग्यच आहे. पण त्यातून एक सवय लागते: वाचायचं म्हणजे वरून सुरू करायचं आणि शेवटपर्यंत जायचं. गोष्टीला ते लागतंच. सिंह विहिरीत डोकावतो ते आधी वाचलं तर सशाची युक्ती वायाच गेली.

माहितीचं पान असं नसतं. ते लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की वाचणारा काहीतरी शोधत येणार आहे. म्हणून तो पानावर खुणा ठेवतो. वर शीर्षक, मधे उपशीर्षकं, महत्त्वाचा शब्द ठळक, चित्राखाली एक ओळ, आकृतीत बाणांनी दाखवलेली नावं, नकाशाच्या कोपऱ्यात सूची, कडेला चौकट, आकड्यांचा तक्ता. पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका, शेवटी कठीण शब्दांचे अर्थ किंवा विषयांची सूची. मोठ्या माणसाची नजर या खुणांवरून सरकत हव्या त्या जागी थांबते आणि मगच तो वाक्य वाचायला लागतो. आपण हे इतक्या सवयीनं करतो, की ते शिकवण्यासारखं काही आहे हेच लक्षात येत नाही.

हे दुर्लक्ष आपल्याकडेच आहे असंही नाही. नेल ड्यूक या अमेरिकन संशोधिकेनं तिथल्या पहिलीच्या २० वर्गांत बसून निरीक्षण केलं. माहितीपर मजकुराच्या वाट्याला दिवसातून सरासरी ३.६ मिनिटं येत होती. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर तिकडे या विषयाकडे बरंच लक्ष गेलं. आपली अडचण थोडी वेगळी आहे. परिसर अभ्यास आपल्याकडे तिसरीपासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांत ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’, ‘माहीत आहे का तुम्हांला’ अशा चौकटी आहेत, रंगीत चित्रं आहेत, नकाशे आहेत. खुणा भरपूर आहेत. मुलं मात्र त्यांच्याकडे शोभेच्या कडा म्हणून बघतात, कारण चौकटीतलं ‘परीक्षेला येत नाही’.

एक पान, पाच प्रश्न

शिकवायला मोठं साहित्य लागत नाही. एक पान पुरे, पण ते नीट बनवलेलं हवं. मी शेकरूचं पान सुचवेन. विषय ओळखीचा, शिवाय मुलांना प्राणी आवडतात. कार्डशीटवर किंवा फळ्यावर असं मांडता येईल:

वर शीर्षक: शेकरू – झाडांवरची मोठी खार. खाली चार उपशीर्षकं: कसं दिसतं, कुठे राहतं, घरटं, खाणं. प्रत्येकाखाली तीन-चार वाक्यं. शेकरू दिवसा हिंडतं, उंच झाडांच्या शेंड्यांवर राहतं, क्वचितच जमिनीवर उतरतं. बारीक फांद्यांवर काटक्या-पानांचं गोल घरटं बांधतं आणि एकाच वेळी त्याची अनेक घरटी असू शकतात. फळं, बिया, फुलं, झाडाची साल खातं. ‘दिनचर’ हा शब्द ठळक करायचा आणि त्याच वाक्यात त्याचा अर्थ द्यायचा. कडेच्या चौकटीत: शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. कोपऱ्यात महाराष्ट्राचा छोटा नकाशा, त्यावर भीमाशंकर अभयारण्याचा ठिपका. एक छोटा तक्ता, शेकरू आणि आपल्या अंगणातली खार यांची तुलना: वजन (एकाचं दीड-दोन किलो, दुसरीचं साधारण शंभर ग्रॅम), पाठीवर पट्टे आहेत की नाहीत, कुठे दिसते. आणि उडी मारणाऱ्या शेकरूचं चित्र, त्याखाली ओळ: ‘शेकरू एका उडीत सुमारे ६ मीटर अंतर पार करू शकतं.’

ही ६ मीटरची गोष्ट मुद्दाम फक्त चित्राखाली ठेवायची, परिच्छेदात कुठेही नाही.

आता वाचायला सांगू नका. आधी प्रश्न द्या. शेकरू किती लांब उडी मारतं? बहुतेक मुलं पहिल्या परिच्छेदापासून वाचू लागतील आणि खालपर्यंत जाऊन सांगतील, ‘‘सर, यात नाहीये.’’ कुणीतरी एखादी चित्राकडे बघून ओरडेल. त्या क्षणी चित्राखालच्या ओळीबद्दल तुम्हांला वेगळं काही सांगावं लागत नाही.

दुसरा प्रश्न, शेकरू अंडी घालतं का? ‘घरटं’ हे उपशीर्षक पाहून मुलं तिथे धावतात. धावणं बरोबर आहे, पण तिथे अंड्यांचा उल्लेख नाही. मग शीर्षकातला ‘खार’ हा शब्द उपयोगी पडतो: खारीला पिल्लं होतात. पानावरचं आणि डोक्यातलं जोडावं लागतं, हेही त्यांना एकदा अनुभवू द्यावं. तिसरा प्रश्न, दोघींपैकी पट्टे कोणाला? इथे वाक्यं वाचायची गरजच नाही, तक्त्यातली ओळ आणि रकाना जिथे मिळतात तिथे बोट ठेवलं की झालं. चौथा, ‘दिनचर’ म्हणजे काय? ठळक शब्द शोधा आणि त्याच्या मागचं-पुढचं वाक्य वाचा; आपल्या पुस्तकांत ‘यालाच अमुक म्हणतात’ असा अर्थ बहुधा तिथेच लगटून असतो.

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शेकरू किती वर्षं जगतं? पानावर याचं उत्तर नाही.

मुलं अस्वस्थ होतात. त्यांच्या अनुभवात प्रश्न आला म्हणजे उत्तर पाठात असतंच. काही जण ६ हा आकडा दिसला म्हणून ‘सहा वर्षं’ लिहून मोकळे होतात. सगळ्या खुणा पाहून ‘इथे हे दिलेलं नाही’ असं ठामपणे म्हणता येणं हे माहिती शोधण्यातलं अवघड आणि मोलाचं कौशल्य आहे. दर वेळी पाच प्रश्नांत असा एक प्रश्न ठेवावा. पुढे हीच मुलं फोनवर मिळालेल्या कुठल्याही वाक्याला उत्तर समजणार नाहीत अशी निदान आशा करता येते.

सुरुवातीचे काही दिवस शिक्षकानं स्वतः मोठ्यानं विचार करून दाखवावा. ‘‘मला उडीबद्दल हवंय. उपशीर्षकं बघते... खाणं, नाही. घरटं, नाही. ‘कसं दिसतं’मध्ये असेल? नाही दिसत. चित्रात उडी आहे, खाली काय लिहिलंय बघू.’’ मुलांना बाईंची चुकलेली पावलंसुद्धा ऐकू आली पाहिजेत. उत्तरावर थेट बोट ठेवणाऱ्या बाईंकडून शोधायचं कसं ते कळत नाही. मग जोडीजोडीनं, मग एकट्यानं.

अनुक्रमणिकेचा खरा उपयोग

अनुक्रमणिका मुलांना माहीत असते, पण ‘सातवा पाठ काढा’ एवढ्यापुरतीच. पाठाचा क्रमांक सांगितला की पान सापडतं, यात शोध कुठला? उलट करा. पुस्तक बंद ठेवून फळ्यावर फक्त अनुक्रमणिका लिहा आणि विचारा: ‘खरचटलं तर काय करावं’ हे कोणत्या पाठात असेल? जठर कुठे भेटेल? चौथीच्या परिसर अभ्यासात ‘छोटे आजार, घरगुती उपचार’ असा पाठ आहे, तो पहिल्या प्रश्नाला सरळ मिळतो. ‘पाहू तरी शरीराच्या आत’ या नावामागे जठर आहे हे ओळखायला मात्र थोडा विचार लागतो. आपल्या पाठांना अशी काव्यमय नावं द्यायची हौस आहे. वाचायला गोड, शोधणाऱ्याला जरा आडवी. मुलांनी अंदाज करावा, का ते सांगावं, मग पुस्तक उघडून पडताळावं. अंदाज चुकला तर ‘मग या पाठाला काय नाव द्यायला हवं होतं?’ हा प्रश्न तयारच आहे.

उपशीर्षकांचंही तसंच. उपशीर्षकाचा प्रश्न करायची सवय लावली की पुढचा परिच्छेद कशासाठी वाचायचा ते ठरतं. ‘पाण्याची साठवण’ असं दिसलं की मूल मनात म्हणतं: कशात साठवतात, का साठवतात, किती दिवस? मग वाचताना त्याचे डोळे काहीतरी शोधत असतात.

तक्ता आजीला येतो, नातवाला येत नाही

तक्ते वाचण्यात घरातली आजी नातवाच्या पुढे असते. तिच्या शाळेची दोनच वर्षं झालेली असतील, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संकष्टीचा चौकोन आणि त्यातली चंद्रोदयाची वेळ तिला क्षणात सापडते. वार कडेला, आठवडा उभा, तिथी चौकोनात, सण लाल अक्षरात. दिनदर्शिकेचं एक पान म्हणजे तक्ता, चिन्हं, रंग, बारीक-मोठी अक्षरं यांचा पूर्ण संच आहे आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत तो फुकट टांगलेला आहे. मुलांना घरी आजीला विचारायला सांगा: ‘तुला कसं कळतं कुठे बघायचं?’

एसटीच्या स्थानकावरचं वेळापत्रक हा दुसरा उत्तम तक्ता. तिथे १४:३० म्हणजे किती, ‘मार्गे’ या शब्दाखाली काय लिहितात, आपल्या गावाचं नाव शेवटच्या थांब्यात नसेल तर गाडी आपल्या गावाला थांबेल का, असे खरे प्रश्न तयार होतात. त्या मानानं पाठ्यपुस्तकातला तक्ता फार सुबक असतो. बिस्किटाचा पुडा तर प्रत्येक दप्तरात सापडतो. त्याच्यावरची घटकांची यादी नियमानं वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, जे जास्त ते आधी. म्हणजे यादीचा क्रम हीच माहिती आहे. पहिल्या तिनांत साखर आहे का ते मुलांना शोधू द्या. पुड्यावरची भाषा बहुधा इंग्रजी असते, ती अडचण खरीच; तरी साखरेला इंग्रजीत काय म्हणतात ते चौथीच्या मुलाला ठाऊक असतं.

नकाशाची गोष्ट थोडक्यात सांगते. शीर्षक, दिशा, सूची आणि प्रमाण या चार गोष्टी पाहिल्याशिवाय नकाशातल्या रेषांना हात लावायचा नाही, एवढा एक नियम पुरतो. आणि एक विनंती: रंगांची सूची असलेल्या नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स मुलांना देऊ नका. सूचीतले सगळे चौकोन करडे झालेले असतात आणि मग मुलांना नकाशा कळत नाही असं आपण म्हणतो.

अकारविल्हे : जिथे मराठी मुलं खरोखर अडतात

पुस्तकाच्या शेवटची सूची, शब्दकोश, विश्वकोश ही सगळी साधनं अकारविल्हे, म्हणजे वर्णमालेच्या क्रमानं लावलेली असतात. मराठी मुलाला वर्णमाला पाठ असते, पण गाण्यासारखी पाठ असते. ‘ध आधी की न?’ असं विचारलं की ते ‘क ख ग घ’पासून सुरू करतं. म्हणून पहिला सराव मधूनच सुरू होणाऱ्या तुकड्यांचा: त थ द ध न. भ नंतर काय? ल च्या आधी काय? रोज दोन मिनिटं पुरतात. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी शब्द सुरू होत नाहीत, त्यामुळे तक्त्यावर ‘बाणातला ण’ असला तरी कोशात तिथे काही मिळायचं नाही, हेही सांगून टाकावं.

त्यानंतर बाराखडी. एकाच अक्षराचे शब्द काना-मात्रेच्या क्रमानं लागतात आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. कमळ, काजवा, किडा, कीटक, केळ, कोळी, क्षार असा क्रम लागेल. शेवटच्या शब्दापाशी मुलं हमखास थांबतात. भिंतीवरच्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ सगळ्यात शेवटी, ‘ळ’च्याही पुढे असतात. बहुतेक कोशांत मात्र क्ष हे क आणि ष यांचं जोडाक्षर म्हणून ‘क’च्या शेवटी येतं, ज्ञ ‘ज’मध्ये, त्र ‘त’मध्ये, श्र ‘श’मध्ये. हे आधी सांगितलं नाही तर मूल कोशाच्या शेवटच्या पानावर ‘क्षितिज’ शोधत बसतं आणि कोशात तो शब्दच नाही असं ठरवतं.

अनुस्वाराचा घोळ वेगळा. ‘अंक’, ‘कंद’ असले शब्द काही कोशांत त्या अक्षराच्या अगदी सुरुवातीला येतात, काहींत स्वरांच्या शेवटी. एकच नियम शिकवून भागत नाही. कोशाच्या पहिल्या पानांवर शब्दांचा क्रम कसा लावला आहे ते दिलेलं असतं, ते आधी पाहायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा इथे उपयोग दिसतो, शुद्धलेखनाच्या तासाला तो दिसत नाही: ‘कीटक’ पहिली वेलांटी देऊन शोधला तर सापडणार नाही.

आता सगळ्यात चांगला उपक्रम. आपल्या प्राथमिक वर्गांच्या पाठ्यपुस्तकांत शेवटी विषयसूची नसते. मराठीतल्या मुलांच्या माहितीपर पुस्तकांतही ती क्वचितच दिसते, आणि याबद्दल प्रकाशकांना दोष द्यायला हवा. पण वर्गापुरता हा दोष म्हणजे सोय आहे: मुलांनाच सूची बनवू द्या. प्रत्येक गटाकडे एक पाठ. त्यातले शोधावेसे वाटतील असे सात-आठ शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायचे, बाजूला पान क्रमांक. मग सगळ्या गटांच्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून अकारविल्हे लावायच्या, सारखे शब्द एकत्र करायचे आणि पक्की यादी लिहून पुस्तकाच्या मागच्या कव्हराला आतून चिकटवायची.

यात भांडणं होतात आणि ती होऊ द्यावीत. ‘पाणी’ हा शब्द तर जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, सगळे क्रमांक लिहायचे का? लिहिले तर त्या नोंदीचा उपयोग काय? मग कुणीतरी सुचवतं, ‘पाणी – पिण्याचं’, ‘पाणी – साठवण’ असे भाग पाडू या. एका पानावर बेडकाचं नुसतं नाव आहे, दुसऱ्यावर त्याच्या वाढीचे टप्पे आहेत. दोन्ही पानं द्यायची का? ‘कोळी’ म्हणजे जाळं विणणारा की मासे पकडणारा? सूची करणाऱ्या संपादकांना पडणारे हेच प्रश्न चौथीच्या मुलांना जमिनीवर मांडी घालून पडतात. ज्या मुलानं सूची बनवली आहे त्याला ती वापरायला पुन्हा शिकवावं लागत नाही.

कोणत्या वर्गात काय

पहिली-दुसरीत शीर्षक, चित्र आणि चित्राखालची ओळ एवढंच, तेही मोठ्यानं वाचून दाखवताना. तिसरी-चौथीत अनुक्रमणिका, उपशीर्षकं, चौकटी, नावं दिलेल्या आकृत्या, साधे तक्ते, नकाशाची सूची. पाचवीपासून अकारविल्हे शोध, आलेख, आणि दोन पुस्तकांतून एकाच प्रश्नाचं उत्तर काढणं. ही वाटणी कडक नाही. घरात दुकान असलेल्या दुसरीच्या मुलाला उधारीच्या वहीचे रकाने आधीच वाचता येतात.

एका गोष्टीपासून मात्र जपायला हवं. हा विषय प्रशिक्षणात आला की त्याचा लगेच तक्ता होतो: डाव्या रकान्यात खुणेचं नाव, उजव्या रकान्यात तिची व्याख्या. मग मुलं ‘उपशीर्षक म्हणजे काय’ पाठ करतात, पाठातले ठळक शब्द मोजतात, ‘या पाठात किती चित्रे आहेत?’ याचं उत्तर लिहितात. यातून खुणांची नावं येतात, वापर येत नाही. हातात प्रश्न नसताना खूण शोधायला लावणं निरर्थक आहे. नाव एक वेळ विसरलं तरी चालेल. ‘चित्राखालचं वाक्य’ म्हणणारं मूल तिथे आधी बघत असेल तर काम झालं.

तपासतानाही थोडा बदल करावा लागतो. उत्तरासोबत पान क्रमांक आणि ‘कुठे सापडलं’ हे लिहायला सांगा: चौकटीत, तक्त्यात, तिसऱ्या उपशीर्षकाखाली. त्याला स्वतंत्र गुण द्या, अर्धा का होईना. उत्तर चुकलं पण जागा बरोबर होती, तर त्या मुलाला वाक्य समजायला मदत हवी आहे. उत्तर बरोबर पण जागा सांगता येत नाही, तर ते शेजाऱ्याकडून किंवा गाइडमधून आलंय. दोघांना एकच लाल फुली किंवा एकच बरोबरची खूण देऊन आपल्याला काही कळत नाही.

मुलांना स्वतः माहितीचं पान लिहायला लावलं तर आणखी बरंच उघड होतं. ‘आपल्या गावची जत्रा’ हा विषय द्या. पहिल्या खर्ड्यात सगळं एका लांब परिच्छेदात येतं, उपशीर्षक घालायला सांगितलं की ‘माहिती’ असं एकच येतं. चित्राखाली ‘हे मंदिर आहे’. ते दिसतंच आहे की! मंदिर किती जुनं, पालखी कोणत्या दारातून निघते, असं चित्रात न दिसणारं काहीतरी तिथे लिहायचं, हे दोनदा सांगितलं की तिसऱ्यांदा मूल पुस्तकातल्या चित्राखालची ओळ वेगळ्या नजरेनं वाचतं.

फोनवर शोधताना

घरी मुलं फोनला तोंडी विचारतात आणि सगळ्यात वर जे येतं ते वहीत उतरवतात. इथेही पानच आहे आणि त्यावर खुणाच आहेत, फक्त त्या जास्त दाटीनं आहेत. विकिपीडियाच्या लेखात अनुक्रमणिका असते, कडेला माहितीची चौकट असते. लांबलचक पानात ठरावीक शब्द शोधण्याची सोय ब्राउझरमध्ये असते. जाहिरातीला जाहिरात म्हणून ओळखवणारा बारीक शब्द ही तर सगळ्यात उपयोगाची खूण, आणि ती मुद्दाम फिकट रंगात असते. पाचवी-सहावीच्या मुलाला एवढं दाखवायला एक तास पुरतो.

छापील असो की फोनवरचं, पानाची तारीख मात्र कुणीच बघत नाही. महाराष्ट्रात जिल्हे किती, असा प्रश्न देऊन मुलांना शाळेच्या कपाटातली पुस्तकं उघडू द्या. कुणी ३५ म्हणेल, कुणी ३६, आणि दोघांकडेही छापील पुरावा असेल. नकाशे काढले तर एकात औरंगाबाद, दुसऱ्यात छत्रपती संभाजीनगर. एकात उस्मानाबाद, दुसऱ्यात धाराशिव. ‘‘बाई, खरं कुठलं?’’ असा गलका झाला की लगेच निवाडा करू नका. पुस्तकाच्या सुरुवातीला, कव्हर उलटल्यावर, बारीक अक्षरांचं एक पान असतं. त्यावर आवृत्तीचं वर्ष शोधायला सांगा आणि फळ्यावर फक्त एक ओळ लिहा: पालघर जिल्हा, १ ऑगस्ट २०१४.